ग्लेन आयरी की लिओपोल्ड्सक्रोन?

घराण्याची वास्तू पुढे रिट्रीट सेंटर झाली, अशा दोन जागांतून एक निवडायची तर खोल्या आणि सोयी मी नंतर बघेन. आधी बघेन, तिथे राहून गेलेली माणसं अजून जाणवतात का.

अमेरिकेत कोलोरॅडो स्प्रिंग्जला लागून असलेलं ग्लेन आयरी मला त्यासाठीच ओढून घेतं. ते शहर वसवणारे रेल्वे-उद्योजक जनरल विल्यम जॅक्सन पामर यांनी १८७१ च्या सुमारास इथे घर बांधायला घेतलं. त्यांची पत्नी क्वीन यांना सहा हजार फुटांवरची विरळ हवा मानवली नाही. त्या मुलींना घेऊन इंग्लंडला गेल्या आणि १८९४ मध्ये तिकडेच वारल्या. आजचा ट्यूडर, म्हणजे जुन्या इंग्लिश धाटणीचा दगडी किल्ला त्यानंतरचा, १९०४ ते १९०६ मधला. क्वीननी तो पाहिलाच नाही, हे कळल्यावर तो वेगळाच दिसू लागतो. किल्ला पुरा होतो न होतो तोच पामर घोड्यावरून पडले आणि कायमचे लुळे झाले. तरीही १९०७ मध्ये त्यांनी यादवी युद्धातल्या आपल्या घोडदळाचे जुने सैनिक घरी बोलावले. माझ्या लेखी या घरातलं पहिलं शिबिर तेच! १९५३ मध्ये वास्तू ‘नॅव्हिगेटर्स’ या ख्रिस्ती संस्थेकडे आली. वातावरण आजही तसंच, श्रद्धेचं.

ऑस्ट्रियात साल्झबुर्गचं लिओपोल्ड्सक्रोन म्हणजे किल्ला नव्हे, तळ्याकाठचा, रोकोको या नक्षीदार शैलीतला महाल. आर्चबिशप फिर्मियान यांनी तो १७३६ मध्ये आपल्या घराण्यासाठी बांधायला घेतला. पण मला तिथे भेटतात ते १९१८ मध्ये तो विकत घेणारे नाट्यदिग्दर्शक माक्स राइनहार्ट. पडक्या महालात त्यांनी ग्रंथालय सजवलं, बागेत रंगमंच उभारला. ते ज्यू होते. १९३८ मध्ये नाझींनी महाल बळकावला आणि १९४३ मध्ये न्यूयॉर्कला, परक्या मुलखात ते वारले. त्यांच्या पत्नी हेलेन थीमिग यांच्या संमतीने १९४७ मध्ये इथे साल्झबुर्ग सेमिनार हे तरुणांचं अभ्यासशिबिर भरलं. कालपर्यंत एकमेकांच्या शत्रुदेशांत असलेले तरुण एका छताखाली राहिले. शिकवायला मानववंशशास्त्रज्ञ मार्गारेट मीडही होत्या.

प्रार्थना, एकांत आणि डोंगर हवे असतील तर ग्लेन आयरी. चर्चा, वाचन आणि पायी गाठता येईल असं शहर हवं असेल तर लिओपोल्ड्सक्रोन. मला स्वतःला निवडायला सांगितलं तर राइनहार्ट यांचं ग्रंथालय. आणि हृदयाचा किंवा श्वासाचा त्रास असेल, तर ग्लेन आयरी ठरवण्याआधी डॉक्टरांना विचारा. क्वीनना तिथून जावं लागलं ते त्या उंचीमुळेच.