मालकाला दंड की मजुराला व्हिसा? बाजू निवडताना

सोलापुरातल्या कॉलेजांत वादविवाद स्पर्धेला अमेरिकेतल्या बेकायदा स्थलांतराचा विषय आला, की पोरं मेक्सिकोच्या सीमेवरच्या भिंतीवरच बोलत सुटतात. भिंत सोडा. शेतात राबायला माणसं लागतातच. मग बेकायदा मजूर ठेवणाऱ्या मालकाला दंड करायचा, की मजुराला कायदेशीर व्हिसा द्यायचा, हा खरा वाद आहे.

दंडाची बाजू ऐकायला कडक. 1986 साली राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्या काळात कायदा झाला. सुमारे 27 लाख लोकांना कायदेशीर राहण्याचे कागद मिळाले आणि यापुढे जाणूनबुजून बिनकागदाचा माणूस ठेवणाऱ्या मालकाला दंड लागला. पण मालकाने कागद वरवर खरे दिसतात एवढंच बघायचं होतं. मग काय, बनावट कार्डांचा धंदा जोरात! पुढे ई-व्हेरिफाय ही संगणकी पडताळणी आली, ॲरिझोना राज्याने ती 2008 पासून सक्तीची केली. दुसऱ्याचं खरं नाव-नंबर लावला की तीही चकते.

व्हिसाच्या बाजूला शेतमजुरांसाठीचा एच-2ए हा व्हिसा आहे. त्याला संख्येची मर्यादा नाही. राहायची सोय आणि प्रवासखर्च मालकाचा. मात्र काम हंगामीच हवं, म्हणून बारमाही चालणाऱ्या डेअरीला त्याचा उपयोग नाही. खरी गोम पुढे आहे: मजूर एकाच मालकाला बांधलेला. हे आपल्याला समजावून सांगायला नको. बीडकडून ऊसतोडीला आलेला कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, मुकादमाची उचल अंगावर असेपर्यंत दुसरीकडे जाऊ शकत नाही. हिशेबात कापाकापी झाली तरी गप्प. एच-2एवाला मालकाशी भांडला, तर कामाबरोबर तिथे राहायचा हक्कही धोक्यात.

जुना दाखला ब्रासेरो योजनेचा, 1942 ते 1964. मेक्सिकोतल्या मजुरांशी सुमारे 46 लाख करार झाले. सुरुवातीच्या वर्षांत मजुरीतले 10 टक्के बचतीच्या नावाने कापले, ते कित्येकांना मिळालेच नाहीत. तरी 1954 नंतर धरपकड आणि कायदेशीर करार दोन्ही वाढले, तेव्हा सीमेवर पकडले जाणारे बेकायदा लोक झपाट्याने घटले. दोन्ही बाजूंना हे उदाहरण वापरता येतं, म्हणून आधी तुम्हीच मांडा.

मला विचाराल तर व्हिसाची बाजू घ्या, पण मालक बदलायची मुभा असावी या अटीवर. नुसता व्हिसा मागितलात, तर समोरचा उचलीचंच उदाहरण देऊन गप्प करेल. दंडाची बाजू वाट्याला आलीच, तर मजुरावर घसरू नका. मध्ये ठेकेदार घालून शेतमालक अंग काढून घेतो, त्यावर बोट ठेवा.