कॅरव्हॅन ओढण्यासाठी जुनी डिस्कव्हरी २ टीडी५: वेग कमी, पण चाल ठाम

कॅरव्हॅन, म्हणजे गाडीमागे जोडायचे चाकांवरचे घर, ओढण्यासाठी जुनी फोर-व्हील-ड्राइव्ह गाडी घेऊ पाहणारे बहुतेक लोक सर्वांत आधी अश्वशक्तीची चौकशी करतात. त्या कसोटीवर लँड रोव्हर डिस्कव्हरीची दुसरी पिढी, म्हणजे १९९८ ते २००४ या काळात तयार झालेली टीडी५ डिझेल गाडी, आज अगदीच सामान्य ठरते. तरीही मध्यम आकाराच्या कॅरव्हॅनसाठी मी आजही तीच सुचवीन. कॅरव्हॅन ओढताना गाडीची खरी परीक्षा वेग घेताना होत नाही. ती होते चढावर थांबून पुन्हा निघताना, अरुंद जागेत मागे घेताना आणि लांब उतारावर. या तिन्ही ठिकाणी ही गाडी अजूनही भरवशाची आहे, फक्त तिच्या काही ठरावीक दुखण्यांकडे वेळेवर लक्ष द्यावे लागते.

इंजिन अडीच लिटरचे, पाच सिलिंडरचे असून त्याची ताकद सुमारे १३८ अश्वशक्ती आणि मॅन्युअल गिअरबॉक्सच्या गाडीत टॉर्क ३०० न्यूटन-मीटर आहे. गाडीचे स्वतःचे वजन साधारण २,१५० किलो धरले आणि तिच्या मागे १,५०० किलोची भरलेली कॅरव्हॅन लावली, तर एका टनाच्या वाट्याला चाळीसही अश्वशक्ती येत नाही. त्यामुळे ओव्हरटेक करायचे असेल तर समोरचा रस्ता लांबवर मोकळा दिसायला हवा आणि तो दिसत नसेल तर पुढच्या ट्रकमागे निमूटपणे चालत राहावे. टॉर्कचा कमाल बिंदू मात्र मिनिटाला दोन हजार आवर्तनांच्या किंचित खाली येतो, आणि तिथून पुढे इंजिन न कुरकुरता ओढते. पंधराशेच्या खाली टर्बो पुरेसा फिरत नाही, म्हणून चढ सुरू होण्याआधीच गिअर खाली घेण्याची सवय लावून घ्यावी. ऑटोमॅटिक गाडीत चार गिअर आहेत आणि लांब चढावर ती तिसऱ्या-चौथ्यात सतत अदलाबदल करू लागते. अशा वेळी लिव्हर ओढून ती तिसऱ्या गिअरमध्येच रोखून धरावी, कारण त्या अदलाबदलीत गिअरबॉक्सचे तेल विनाकारण तापते. नियमित टोइंग, म्हणजे मागे काही ओढण्याचे काम, करणाऱ्याने गिअरबॉक्सला जादा ऑइल कूलर बसवून घेणे शहाणपणाचे ठरेल.

या गाडीचा सर्वांत मोठा गुण लो रेंजमध्ये, म्हणजे सगळेच गिअर मंद पण जोरकस करणाऱ्या दुसऱ्या पट्टीत, आहे आणि तो पुष्कळ मालकांनाही माहीत नसतो. अनेक जुन्या फोर-व्हील-ड्राइव्ह गाड्यांत चारही चाकांचा ड्राइव्ह लावला की पुढचा व मागचा ॲक्सल (चाकांच्या जोडीचा आस) एकमेकांशी घट्ट जखडले जातात. डांबरी रस्त्यावर वळताना पुढची चाके मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात, तो फरक सोसायला वाव नसल्यामुळे ट्रान्समिशनवर पीळ पडत जातो, आणि म्हणून अशा गाड्यांची लो रेंज कोरड्या पक्क्या रस्त्यावर वापरता येत नाही. डिस्कव्हरीला मात्र कायमस्वरूपी चारही चाकांचा ड्राइव्ह आहे आणि दोन ॲक्सलांच्या मध्ये खुला सेंटर डिफरन्शियल आहे, म्हणजे दोन्ही ॲक्सलांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी गिअरची जोडणी. त्यामुळे लो रेंज डांबरावरही निर्धास्त वापरता येते. लो रेंजमध्ये गाडीची चाल हाय रेंजच्या तुलनेत सुमारे पावणेतीन पट मंद होते, आणि कॅरव्हॅन चढावरून मागे घेत एखाद्या अरुंद फाटकातून आत सरकवताना याचे मोल कळते. मॅन्युअल गाडीत रिव्हर्स गिअर हाय रेंजमध्ये फार लांब पडतो. क्लच अर्धा दाबून गाडी रेंगाळवत ठेवावी लागते आणि मिनिटभरात जळका वास सुटतो. लो रेंज लावली की क्लच पूर्ण सोडून गाडी पावलापावलाने मागे नेता येते. क्लच वाचतोच, शिवाय आरशात बघून स्टीअरिंग दुरुस्त करायला उसंतही मिळते. गाडी पूर्ण थांबवून, गिअर न्यूट्रलला आणून मगच रेंज बदलावी, एवढे पथ्य पाळले की झाले.

कॅरव्हॅन उभी करण्याच्या ओल्या गवताच्या तळावर मात्र अपेक्षा थोडी आवरती ठेवावी. बहुतेक डिस्कव्हरी २ मध्ये सेंटर डिफरन्शियल लॉक करण्याची दांडीच दिलेली नाही. घसरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून उरलेल्या चाकांकडे जोर वळवण्याचे काम ट्रॅक्शन कंट्रोलकडे आहे. ते काम करते, पण आधी चाक थोडे फिरू द्यावे लागते आणि तेवढ्यात गवताचा चिखल होतो. जमिनीला पकड देण्याची निम्मी जबाबदारी टायरवर असते. टायरच्या बाजूवर उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष सांगणारे चार अंक असतात, ते गाडीचे आणि कॅरव्हॅनचे, दोन्हींचे वाचावेत. कॅरव्हॅन वर्षातला बराच काळ उभी असते, त्यामुळे तिच्या टायरची नक्षी शाबूत दिसते आणि रबर मात्र आतून कडक होऊन तडकलेले असते.

कागदावर या गाडीची ओढण्याची मर्यादा, ब्रेक असलेल्या ट्रेलरसाठी, ३,५०० किलो आहे. हा आकडा जाहिरातीत झळकतो आणि लोक त्यावर विसंबतात. मला तो कॅरव्हॅनपुरता दिशाभूल करणारा वाटतो. बुटक्या ट्रेलरवर ठेवलेले यंत्र आणि उंच, सपाट भिंतींची कॅरव्हॅन यांचे वजन सारखे असले तरी वाऱ्यापुढे त्यांचे वागणे पूर्ण वेगळे असते. भरलेल्या कॅरव्हॅनचे वजन गाडीच्या वजनाच्या ८५ टक्क्यांच्या आत असावे, हा कॅरव्हॅनवाल्यांमधला जुना संकेत इथे जास्त उपयोगी आहे आणि डिस्कव्हरीसाठी तो साधारण १,८०० किलोपर्यंत येतो. या गाडीच्या रचनेत एक उणे आहे: चाकांमधले अंतर अवघे २,५४० मिलिमीटर आहे आणि पहिल्या पिढीच्या तुलनेत मागचा भाग लांबवलेला आहे. टो-बॉल (कॅरव्हॅन जिथे जोडतात तो गाडीमागचा गोळा) मागच्या ॲक्सलपासून जितका दूर, तितका कॅरव्हॅनच्या झोक्याला गाडीची शेपूट हलवायला जास्त जोर मिळतो. हे उणे भरून निघते ते गाडीच्या वजनामुळे आणि मागच्या ॲक्सलला दिलेल्या वॉट्स लिंकेजमुळे, कारण त्या जोडणीमुळे ॲक्सल वर-खाली होताना बाजूला सरकत नाही. मोठा ट्रक शेजारून गेला की कॅरव्हॅन हलते, पण ती हालचाल गाडीत जेमतेम जाणवते.

सात आसनांच्या अनेक गाड्यांना मागे हवेच्या स्प्रिंग आहेत, आणि इंजिन चालू असताना त्या मागची उंची आपोआप समतोल ठेवतात. टोइंगसाठी ही फार मोलाची सोय आहे. रबर जुने होऊन गळू लागले की काही मालक त्या काढून साध्या कॉइल स्प्रिंग बसवतात. अशी गाडी कॅरव्हॅन जोडल्यावर मागे बसते, पुढची चाके हलकी होतात आणि हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातात. माझ्या मते ओढण्यासाठी गाडी घेताना मूळ व्यवस्था शाबूत असलेली किंवा नव्या हवेच्या स्प्रिंग बसवलेलीच घ्यावी. समतोल उंची मिळाली तरी टो-बॉलवरचा भार मोजण्यातून सुटका नाही: भरलेल्या कॅरव्हॅनच्या वजनाच्या पाच ते सात टक्के भार तिच्या नाकावर, म्हणजे पुढच्या टोकावर, यावा आणि तो गाडी, टो-बार व कॅरव्हॅन यांच्या मर्यादांपैकी सर्वांत कमी मर्यादेच्या आत असावा. नाक हलके राहिले की कॅरव्हॅन नागमोडी डोलू लागते. तसे झालेच तर ॲक्सिलरेटर हळूच सोडावा, स्टीअरिंग सरळ धरून ठेवावे, आणि उलट-सुलट वळवून झोका सावरण्याचा मोह टाळावा.

घर्षणावर चालणारा स्टॅबिलायझर (झोका आवरणारी जोडणी) असलेली कॅरव्हॅन या जुन्या गाडीला जोडताना टो-बॉल बदलावा लागण्याची शक्यता असते, कारण अशा बऱ्याच स्टॅबिलायझरना लांब मानेचा बॉल लागतो. पूर्वी बॉलला ग्रीस लावण्याची पद्धत होती. स्टॅबिलायझर असेल तर बॉल कोरडा आणि स्वच्छ हवा, नाहीतर त्याच्या पॅडना पकडच मिळत नाही.

आता दुखण्यांकडे येतो, आणि इथे हात राखून लिहिणे योग्य नाही. टीडी५ला टायमिंग चेन आहे, त्यामुळे बेल्ट तुटण्याची धास्ती नाही. पण सुरुवातीच्या काळातल्या इंजिनांत हेड आणि ब्लॉक यांची जुळणी राखणाऱ्या खुंट्या प्लास्टिकच्या होत्या. नंतर त्या पोलादी केल्या गेल्या. जुन्या खुंट्यांच्या इंजिनात हेड किंचित सरकून गॅस्केट झिजते, आणि कॅरव्हॅनचे ओझे घेऊन चढणाऱ्या इंजिनाला हा दोष लवकर भोवतो. त्यात भर म्हणजे तापमानाचा काटा. कूलंटचे तापमान बऱ्यापैकी वाढले तरी तो मधोमध स्थिर राहतो, आणि हलतो तेव्हा उशीर झालेला असतो. म्हणून या गाडीने कॅरव्हॅन ओढणाऱ्याने आकड्यांत तापमान दाखवणारा वेगळा गेज आणि कूलंटची पातळी उतरल्यास इशारा देणारा अलार्म बसवून घ्यावा, असा माझा आग्रह आहे. रेडिएटर बाहेरून स्वच्छ आहे का, त्याच्या तळाच्या फिन कुजल्या आहेत का, आणि व्हिस्कस फॅन (इंजिन तापले की जोराने फिरणारा पंखा) गरम इंजिनावर खरोखर जोर धरतो का, हे हंगाम सुरू होण्यापूर्वी पाहावे. वेगाचा संबंधही इथेच येतो. वाऱ्याचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे ताशी ८०वरून १००वर गेल्यास तो दीडपटीहून जास्त होतो, आणि हा सगळा भार शेवटी कूलंट आणि डिझेलच्या टाकीवर पडतो. ही गाडी ऐंशीच्या आसपास सर्वांत समाधानाने ओढते.

हँडब्रेकचे वेगळेपण नव्या मालकाला कोणीतरी सांगायलाच हवे. तो मागच्या चाकांवर काम करत नाही. ट्रान्स्फर बॉक्सच्या (पुढच्या-मागच्या ॲक्सलांना जोर वाटणाऱ्या पेटीच्या) मागे बसवलेला ड्रम मागच्या ॲक्सलकडे जाणारा फिरता दांडा, म्हणजे प्रॉपेलर शाफ्टच, जखडून ठेवतो. त्यामुळे उतारावर ब्रेक ओढून पाय सोडला की ट्रान्समिशनमधली ढिलाई संपेपर्यंत गाडी किंचित सरकते, आणि कॅरव्हॅन जोडताना बॉल व कपलिंग यांच्यामध्ये कोणाचा हात असेल तर ते किंचित सरकणेही भारी पडते. जोडणी करताना चाकांखाली ठोकळे लावावेत. चालत्या गाडीत हा ब्रेक कधीही ओढू नये.

पायाच्या ब्रेकमध्ये चारही चाकांना डिस्क आणि एबीएस आहे, आणि कॅरव्हॅनचे स्वतःचे ब्रेक ती गाडीला मागून ढकलू लागली की आपोआप लागतात. लांब उतारावर गिअर खाली ठेवून इंजिनाचा आधार घ्यावा. ब्रेकचे द्रव हवेतली आर्द्रता शोषून घेते आणि जुने झालेले द्रव तापल्यावर लवकर उकळते; दर दोन वर्षांनी ते बदलणे हा या गाडीवरचा सर्वांत स्वस्त विमा आहे.

विजेच्या बाबतीत जुनेपण चक्क फायद्याचे आहे. नव्या गाड्यांतले अल्टरनेटर गरजेनुसार व्होल्टेज कमी करतात, त्यामुळे कॅरव्हॅनची बॅटरी नीट चार्ज होण्यासाठी वेगळा चार्जर बसवावा लागतो. टीडी५मध्ये साधा रिले (आपोआप चालणारा स्विच) पुरतो. फक्त जुन्या गाडीवर सात पिनांची दोन सॉकेट असतील आणि कॅरव्हॅनला तेरा पिनांचा प्लग असेल, तर ॲडॉप्टरवर कायमचे विसंबण्यापेक्षा नीट नवे वायरिंग करून घ्यावे.

पेट्रोलवर चालणाऱ्या व्ही८, म्हणजे आठ सिलिंडरच्या, गाडीचा विचार मी टोइंगसाठी करणार नाही. ती सुरेख ओढते, पण इंधन फार पिते.

गाडी पाहायला जाताना अंगावर जुने कपडे घालावेत, कारण पहिले काम गाडीखाली शिरण्याचे आहे. पुढचा प्रॉपेलर शाफ्ट हाताने हलवून त्याचा दुहेरी जॉइंट खिळखिळा झाला आहे का ते पाहावे. मूळ जॉइंटला ग्रीस भरायला निप्पल नसतो, आणि तो तुटला तर फिरता शाफ्ट गिअरबॉक्सचे आवरण फोडू शकतो. इंजिनाच्या कंट्रोल युनिटला जाणारा लाल कनेक्टर काढून त्यात तेल आले आहे का ते तपासावे. आले असेल तर इंजेक्टरचे वायरिंग बदलण्याची वेळ झाली आहे, पण तो खर्च मोठा नाही. शेवटी मागच्या ॲक्सलपासून टो-बारच्या बोल्टपर्यंतची चॅसिस हातोडीने ठोकत जावी, आणि नुकताच जाड काळा रंग दिलेला असेल तर तिथे दोनदा ठोकावे. कॅरव्हॅनचा सगळा ताण त्याच पट्ट्यावर येतो आणि गंजही तिथेच सर्वांत आधी धरतो. तिथे आवाज बद्द आला किंवा पापुद्रे सुटले, तर इंजिन कितीही गोड चालत असले तरी ती गाडी टोइंगसाठी घेऊ नये.