पुस्तकातलं पात्र टॉवेलवर: रॉयल्टीवर द्यावं की स्वतः विकावं?

मुलांच्या पुस्तकातलं एखादं पात्र वाचकांच्या मनात बसलं, की कुणीतरी विचारतंच, "हे टॉवेलवर का आणत नाही?" सोलापुरात हा प्रश्न जरा लवकर येतो, कारण इथे प्रत्येकाच्या ओळखीत एखादा कारखानदार असतोच. मग लेखक-चित्रकारापुढे दोन वाटा उरतात. पात्र वापरण्याचा परवाना कारखान्याला देऊन रॉयल्टी घ्यायची, किंवा जॉबवर, म्हणजे कारखान्याला मजुरी देऊन, माल विणून घेऊन तो आपणच विकायचा. मी लिहितोही आणि चित्रंही काढतो. माझ्या पुस्तकातलं, सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावरचं माळढोक पक्ष्याचं पिल्लू या दोन्ही वाटांनी जाऊन आलं आहे. जे ठरवायच्या बेतात आहेत त्यांना त्याचा उपयोग व्हावा, म्हणून हे लिहितोय.

एकरकमी पैसे घेऊन हक्क कायमचे देऊन टाकणं, ही तिसरी वाट मी तुलनेत धरलेली नाही. आपल्याकडे कॉपीराइट निर्मात्याच्या हयातीनंतरही ६० वर्षं टिकतो. एवढ्या काळाची किंमत एका बैठकीत कुणाला ठरवता येईल असं मला वाटत नाही. घरात पैशांची निकड असेल तर गोष्ट वेगळी.

कुठल्याही वाटेला लागण्याआधी प्रकाशकाशी झालेला करार काढून वाचा. 'पुस्तकाशी संबंधित इतर सर्व हक्क' अशा एका ओळीत टॉवेल, दप्तर, वही, खेळणं सगळं गेलेलं असू शकतं. चित्रकारांनी तर जास्तच जपायला हवं. मोबदला देऊन कुणी चित्र काढून घेतलं असेल, तर वेगळा करार नसताना त्याची मालकी काढून घेणाऱ्याकडे जाऊ शकते. कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ मध्ये तशी सोय आहे. गोष्ट एकाची आणि चित्रं दुसऱ्याची असतील, तर मालाच्या उत्पन्नाची वाटणी आधीच लेखी करून ठेवा. टॉवेलवर चित्रच जातं हे खरं, पण ते पिल्लू हट्टी आहे की भित्रं हे लेखकाने ठरवलेलं असतं. मला निम्मं-निम्मं न्याय्य वाटतं.

या दोन्ही वाटा जुन्या आहेत. इंग्लिश लेखिका-चित्रकार बिआट्रिक्स पॉटर यांचं 'पीटर रॅबिट' हे सशाचं पुस्तक १९०२ साली प्रकाशित झालं आणि १९०३ मध्ये त्यांनी त्या सशाची बाहुली स्वतः शिवून लंडनच्या पेटंट कार्यालयात नोंदवली. ए. ए. मिल्न यांनी उलट केलं. १९३० साली त्यांनी आपल्या 'विनी द पू' या अस्वलाचे अमेरिका आणि कॅनडातले मालाचे हक्क स्टीफन स्लेसिंजर या मध्यस्थाला दिले, १,००० डॉलर आगाऊ आणि उत्पन्नात ६६ टक्के हिस्सा या अटीवर. हा ६६ आकडा मनात धरून मात्र कुणी बोलणी करायला जाऊ नये. तो मधल्या माणसाच्या मिळकतीतला हिस्सा होता. कारखान्याच्या मालावर थेट रॉयल्टी मागताना बोलणी साधारण ५ ते १० टक्क्यांत होतात, आणि तीही कारखान्याच्या विक्रीदरावर, दुकानातल्या किमतीवर नव्हे.

समजा एक नॅपकिन कारखान्यातून ६० रुपयांना जातो. ६ टक्क्यांनी तुमच्या हाती ३ रुपये ६० पैसे येतात. कमी वाटेल, पण त्यासाठी भांडवल लागत नाही, घरात गठ्ठे पडत नाहीत, आणि माल तुम्ही कधी पाहणार नाही अशा गावांत पोचतो. चित्र काढायला वेळ राहतो. हे फायदे खरे आहेत आणि मी ते अनुभवले आहेत. किमान हमीची रक्कम आगाऊ मिळाली तर आणखी चांगलं. करारात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती ५ वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर संपूर्ण भारत. करारात वेगळं काही ठरलेलं नसेल, तर घेतलेला हक्क वर्षभर न वापरल्यास तो सुटतो. तरी हे सगळं स्वच्छ लिहून घेतलेलं बरं.

मला अडलं ते एकाच जागी. टेरी, म्हणजे फासांच्या विणीच्या, टॉवेलचा घाऊक व्यवहार पुष्कळदा वजनावर चालतो. बिलात असतं जॅकार्ड (म्हणजे मागावरच नक्षी विणलेला) नॅपकिन, इतके किलो, इतका दर. त्या गाठोड्यात माळढोक किती, फुलं किती, चौकटी किती, हे कुठेच नसतं. करारात रॉयल्टी विक्रीदराच्या टक्क्यांत होती, आणि डिझाइनवार विक्रीची नोंद ठेवायची कारखान्याला कधी गरजच पडलेली नव्हती. सहामाही हिशेबाचा कागद आला तेव्हा त्यावर एक रक्कम होती, आणि ती अंदाजाने काढलेली होती. कारखानदाराने लपवाछपवी केली असं मला आजही वाटत नाही. त्यांना स्वतःलाच माहीत नव्हतं. विचारायला गेलं की ते आदराने बसवून घ्यायचे, चहा सांगायचे, मुनीम चलनांची फाइल पुढे ठेवायचे. त्या फाइलमध्ये कुठेही माझं पिल्लू वेगळं दिसत नव्हतं.

त्यातच सेकंडचा माल. विणताना धागा सुटलेले नग वेगळे काढले जातात आणि स्वस्तात किलोवर जातात. त्यांवर रॉयल्टी धरायची का, मुळात ते बाजारात जाऊ द्यायचे का, यावर कुणी बोललेलंच नव्हतं. जानेवारीत सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत, होम मैदानावर एका ढिगात मला चोच नसलेलं पिल्लू दिसलं. पैसे बाजूला ठेवले तरी ते मनाला लागलं. कुठल्यातरी मुलाच्या हातात आपलं पात्र पहिल्यांदा जातं, आणि ते असं जातं.

रक्कम लहान असते, म्हणून ती पुन्हा पुन्हा विचारायला संकोच वाटतो. न विचारावं तर आपलंच पात्र आपण वाऱ्यावर सोडल्यासारखं वाटतं. हा संकोच दर सहामाहीला नव्याने उभा राहायचा, आणि त्यानेच माझा निर्णय झाला. दुसऱ्या कुणाला तो इतका जाचणारही नाही.

परवान्याच्याच वाटेने जाणाऱ्यांना एक सुचवतो. टक्केवारीऐवजी नगामागे ठरावीक रक्कम धरा. विणलेली लेबलं क्रमांक घालून स्वतः करून घ्या आणि कारखान्याला मोजून द्या. लेबल नाही तो माल परवान्याबाहेरचा, हे करारात लिहा. सेकंडच्या नगाला लेबल लावायचं नाही आणि तो विकायचाही नाही, हेही लिहा. मोठ्या कंपन्या परवान्याच्या मालावर होलोग्राम लावतात त्यामागे हाच विचार असतो. मग किलोचं बिल असलं तरी लेबलं मोजली की हिशेब झाला. माझ्या कारखानदाराला शिलाईच्या वेळी वेगळं लेबल सांभाळणं जमणारं नव्हतं. ज्यांना जमेल असा कुणी भेटला, तर परवाना ही फार चांगली वाट आहे.

स्वतः माल करण्यात कष्ट आहेत, पण सोलापूरकराला त्यातली निम्मी अडचण येत नाही. मागावर आधीच चढलेल्या बीमचे, म्हणजे ताण्याच्या रुळाचे, रंग आपण मान्य केले, तर लहान लॉटही मिळू शकतो. चित्र मात्र मागासाठी नव्याने काढावं लागतं. माळढोकाचे काटकुळे पाय टेरीच्या फासांत दिसेनासे होतात, म्हणून मी ते जाड केले. डोक्यावरची काळी टोपी मोठी केली. दोन रंगांच्या जॅकार्डमध्ये मागच्या बाजूला रंग उलटे उतरतात, म्हणजे पुढे पांढऱ्यावर तपकिरी पक्षी आणि मागे तपकिरीवर पांढरा. मुलांना हे फार आवडतं. अक्षरं मात्र मागून उलटी दिसतात, म्हणून पात्राचं नाव विणू नका, लेबलावर घ्या. ग्राफ, म्हणजे विणीसाठी चौकटींवर उतरवलेलं चित्र, तयार होताना शेजारी बसता येतं, पहिला नमुना हातात घेऊन चोच बारीक झाली म्हणता येतं, सेकंडचे नग बाजूला काढता येतात. माझ्यासाठी याचं मोल फार आहे.

हिशेब मात्र कठोर आहे. तोच ६० रुपयांचा नॅपकिन, लेबल आणि पिशवी धरून ७० ला पडला. किंमत १३० ठेवली आणि दुकानाने ३० टक्के कमिशन घेतलं, तर हाती ९१ येतात, म्हणजे नगामागे २१ रुपये. रॉयल्टीच्या कितीतरी पट. पण दर तीन नगांत एक पडून राहिला, तर दोन नगांचे ४२ मिळतात आणि तिसऱ्याचे ७० अडकतात. थेट वाचकाला विकलं तर तेवढाच माल पडून राहूनही तीन नगांमागे ५० रुपये सुटतात. म्हणून मी दुकानांवर विसंबत नाही. शाळांतले वाचनाचे कार्यक्रम, पुस्तक प्रदर्शनं आणि जूनमध्ये शाळा उघडायच्या आधीचे दिवस, एवढ्यातच विकतो. मापं असलेल्या वस्तूंपासून शक्यतो लांब राहतो. टी-शर्टाचं एखादं माप हमखास उरतं. सीमेपलीकडे विजयपूर, कलबुर्गीला माल पाठवायचा असेल तर एक लक्षात ठेवा: दुसऱ्या राज्यात करपात्र माल विकायला उलाढाल कितीही लहान असली तरी जीएसटी नोंदणी लागते. राज्यातल्या राज्यात मालाला वर्षाच्या ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत सूट आहे.

दोन्ही वाटांना लागू असलेला एक नियम फार कमी जणांना माहीत असतो. डिझाइन म्हणून नोंदवता येणारी रचना नोंदवली नसेल आणि औद्योगिक प्रक्रियेने तिचे ५० पेक्षा जास्त नग निघाले, तर त्या डिझाइनवरचा कॉपीराइट संपतो. कॉपीराइट कायद्याचं कलम १५(२) तसं सांगतं. पुस्तकातलं मूळ चित्र आणि मालासाठी केलेली रचना या वेगळ्या गोष्टी आहेत, पण सीमारेषा नाजूक आहे. टॉवेलची रचना बाजारात आणण्याआधीच डिझाइन कायद्याखाली नोंदवावी. संरक्षण १० वर्षं मिळतं आणि ते आणखी ५ वर्षं वाढवता येतं. परवाना देणार असाल तर नोंदणी कुणाच्या नावावर आणि कुणाच्या खर्चाने, हे करारात आलं पाहिजे.

पुण्या-मुंबईत राहणाऱ्या, मागाशी काही संबंध नसलेल्या चित्रकाराला मी परवानाच सुचवेन. वर्षाला दोन-तीन पुस्तकं करणाऱ्यालाही. एक-दोन पात्रं मनापासून जपणाऱ्याला आणि शनिवारी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत चक्कर मारू शकणाऱ्याला स्वतःचा लहान लॉट अधिक समाधान देईल, असं मला वाटतं. नॅपकिन आणि कापडी पिशव्या मी स्वतःच करतो. दप्तर आणि पाण्याची बाटली माझ्या आवाक्याबाहेरची आहे. त्यासाठी कुणी आलं तर परवाना देईन, नगामागे रक्कम ठरवून, दोन वर्षांच्या मुदतीने, आणि लेबलं मीच मोजून देईन.