पोलीस प्रशिक्षणातील बदल: कायद्यात दुरुस्ती मागावी की शासन निर्णय?

पोलिसांच्या सेवांतर्गत प्रशिक्षणाबाबत निवेदन तयार करणाऱ्यांना एक निवड करावीच लागते. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ मध्ये दुरुस्ती मागायची, की गृह विभागाचा शासन निर्णय पुरेसा मानायचा? आम्ही काही वकिलांनी आमच्या आमदारांना मसुदा दिला तेव्हा या दोन्ही वाटा तपासल्या होत्या, म्हणून हा तपशील.

वेगाच्या बाबतीत शासन निर्णय निःसंशय सरस आहे. पोलीस सुधारणांबाबतच्या प्रकाश सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २००६ मध्ये आदेश दिले आणि आपल्या अधिनियमात त्यानुसार बदल होण्यास २०१४ साल उजाडले, हे पाहता घाई असणाऱ्याने विधिमंडळाची वाट धरू नये असे कोणी म्हटल्यास मी वाद घालणार नाही. अभ्यासक्रमाच्या दृष्टीनेही लवचीकता हवीच. नवे फौजदारी कायदे डिसेंबर २०२३ मध्ये संमत होऊन १ जुलै २०२४ पासून लागू झाले. शिकवण्याच्या विषयांची यादी अधिनियमातच गोठवलेली असती, तर तेवढ्यासाठी आणखी एक विधेयक आणावे लागले असते.

माझे मत मात्र बंदोबस्ताने ठरवले. एका जिल्ह्यात मी बालन्याय कायद्यावरील उजळणी वर्ग घेत असे. वर्गाची तारीख ठरायची, हजेरीपट तयार व्हायचा, आणि सण, मोर्चा किंवा एखादा दौरा आला की निम्म्या अंमलदारांना मधूनच बोलावून घेतले जायचे. घटक प्रमुखांना, म्हणजे जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांसारख्या अधिकाऱ्यांना, दोष देणे सोपे आहे; परंतु अपुऱ्या मनुष्यबळावर ज्याला आजचा रस्ता सांभाळायचा आहे, तो परिपत्रकातले तास पुढे ढकलणारच. खंत याची वाटे की हुकलेले तास भरून काढण्याची जबाबदारी कोणावरच नसे. मुलाला कोठडीत ठेवता येत नाही, हे ज्या सत्रात सांगायचे ते हुकलेला अंमलदार त्याच रात्री ठाण्यात एखाद्या मुलासमोर उभा असू शकतो.

याउलट बदल्यांचे पाहा. २०१४ च्या दुरुस्तीने पदावधी, म्हणजे एका पदावर राहण्याची मुदत, पोलीस अधिनियमाच्या कलम २२ न मध्ये लिहिला गेला, त्यामुळे मुदतपूर्व बदली झालेला अधिकारी त्या कलमाच्या आधारे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात दाद मागू शकतो. प्रशिक्षणाच्या तासांना असा आधार मिळाला, तर बंदोबस्ताचा आदेश काढणाऱ्यालाही ते तास पुन्हा कधी घेणार हे लिहून द्यावे लागेल, असे मला वाटते.

अर्थात, कायद्यात उल्लेख झाला म्हणजे काम झाले असे नाही. बालन्याय अधिनियम, २०१५ च्या कलम १०७ मध्ये विशेष बाल पोलीस पथकाला विशेष प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे, पण किती तास आणि न दिल्यास काय, याबद्दल ते कलम मौन बाळगते. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्याची रचना मला अधिक पटते: नोव्हेंबर २०१८ मध्ये मतदारांनी ‘इनिशिएटिव्ह ९४०’ हा थेट मतदानाला टाकलेला कायद्याचा प्रस्ताव मंजूर करून तणाव निवळवण्याचे आणि मानसिक आरोग्यविषयक प्रशिक्षण पोलिसांना बंधनकारक केले, आणि तपशील तेथील प्रशिक्षण आयोगावर सोपवला.

आपली मागणी केवळ एखादा नवा विषय शिकवावा एवढीच असेल, तर शासन निर्णय मागणे बहुधा शहाणपणाचे ठरेल. तासांची हमी हवी असेल, तर मी दुरुस्तीकडेच झुकेन, उशीर गृहीत धरूनही. आमच्या मसुद्यात किमान वार्षिक तास, हुकलेले तास ठरावीक मुदतीत पूर्ण करण्याचे घटक प्रमुखांवरील बंधन आणि विधिमंडळापुढे वार्षिक अहवाल एवढेच अधिनियमात ठेवले होते. अभ्यासक्रम पोलीस महासंचालकांच्या आदेशावर सोडला होता. नियम सहा महिन्यांत करावेत, ही ओळही आम्ही आवर्जून घातली, कारण नियमांची वाट पाहत कलम नुसते कागदावर राहण्याची भीती आमच्यातील ज्येष्ठांना सर्वाधिक होती.