कॅथलिक शाळेचा रिव्ह्यू: टीचर्सना पैकीच्या पैकी, मॅनेजमेंटला कमी

मुलगी पहिलीपासून एका कॅथलिक शाळेत आहे, आता सातवीत. शाळेचं नाव टाकत नाही कारण तक्रारही करायचीये. पण अशा शाळेत घालावं का असं बरेच जण विचारतात म्हणून सविस्तर लिहितेय. आम्ही स्वतः कॅथलिक, त्यामुळे अपेक्षा जरा जास्तच आहेत हे आधीच सांगते.

टीचर्स अप्रतिम. मुलीची गणिताची वही कधीही उघडा, चुकलेल्या गणितावर नुसती फुली मारलेली नसते, जिथे चुकलं त्या ओळीपाशी पेन्सिलने बारीक खूण आणि शेजारी "इथपर्यंत बरोबर, पुढची स्टेप परत बघ". आणि हे हुशार पोरांच्याच नाही, काठावर पास होणाऱ्यांच्या वहीत पण. वर्गात एक मुलगा वाचताना अडखळतो, त्याची पाळी आली की मिस पुस्तक घेऊन त्याच्या बाकावर जाऊन बसतात, ओळीखाली बोट ठेवतात आणि त्याचा परिच्छेद संपेपर्यंत अख्खा वर्ग थांबतो. मी विचारलं पोरं कंटाळत नाहीत का, तर मुलगी म्हणाली अगं आता सवय झालीये सगळ्यांना.

माझ्यासाठी कॅथलिक शाळेचं मिशन ते हेच. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (जगभरातल्या कॅथलिक बिशपांची मोठी सभा) 1965 मध्ये शिक्षणावर जो जाहीरनामा काढला त्यात स्पष्ट म्हटलंय की मुलांचे पहिले शिक्षक आईवडील, त्यांना हातभार लावणाऱ्या शिक्षकाचं काम हे पाचारण, म्हणजे देवाने दिलेली हाक आहे, आणि शाळेचा हेतू साध्य होणं जवळजवळ पूर्णपणे शिक्षकांवरच अवलंबून आहे. बिल्डिंग, बँड, युनिफॉर्म हे सगळं नंतर.

धर्म लादतात का, तर नाही. असेंब्लीत प्रार्थना होते, इतर धर्मांची मुलं शांत उभी राहतात, कोणी काही म्हणायला लावत नाही.

आता तक्रार. पालकसभेत सगळा वेळ रिझल्टवर जातो, टॉपर्सचे फोटो, टक्केवारी, आणि मागे पडलेल्या मुलांसाठी काय करताय यावर एक वाक्य नाही. अभ्यास चांगला हवाच, चर्चचा कायदाच सांगतो की कॅथलिक शाळेचा दर्जा परिसरातल्या इतर शाळांपेक्षा कमी नसावा, मान्य. पण 1977 मध्ये व्हॅटिकनने कॅथलिक शाळेवर जे लिहिलं त्यात गरिबांना आधी जागा द्या असं आहे, फक्त सधन घरांतली मुलं घेत बसलात तर समाजातला अन्याय तसाच चालू ठेवायला मदत कराल असा थेट इशारा आहे. गेल्या काही वर्षांत मुलीच्या वर्गात साध्या घरातली मुलं कमी होताना दिसतायत आणि याचं मला खरंच वाईट वाटतं.

दुसरं म्हणजे टीचर्सवरचा भार. फॉर्म, डेटा एंट्री, कार्यक्रमांची तयारी, वह्या तपासायला घरी न्याव्या लागतात. पूर्वी फादर, सिस्टर, ब्रदर शिकवायचे, त्यांना वर्षानुवर्षं घडवलेलं असायचं, आता बहुतेक टीचर्स आपल्यासारखे संसारी लोक, तर त्यांना घडवायला वेळ आणि पैसा कोण देणार? संत जाँ-बातिस्त द ला साल यांनी सतराव्या शतकात फ्रान्समध्ये गरीब मुलांच्या शाळा उभ्या करताना आधी शिक्षकांकडे लक्ष दिलं, त्यांना स्वतःच्या घरी राहायला आणलं, नातेवाईक भडकले तरी मागे हटले नाहीत. 1950 मध्ये चर्चने त्यांनाच शिक्षकांचे आश्रयदाते संत (म्हणजे शिक्षकांसाठी देवाकडे प्रार्थना करणारे खास संत) ठरवलं. इतकी मोठी परंपरा पाठीशी असताना टीचर्सच्या ट्रेनिंगच्या नावाखाली वर्षातून एक लेक्चर हे मला अजिबात पटत नाही.

एकूण चारपैकी तीन स्टार, आणि तिन्ही टीचर्सचे. मुलांना घालायचं असेल तर जरूर घाला, फक्त ऍडमिशनच्या वेळी अभ्यासात कच्च्या मुलांसाठी काय सोय आहे हे नक्की विचारा. टीचर्सचं ऑफिसचं काम कमी करा हे मी पालकसभेत मांडलंय, प्रिन्सिपल सिस्टर म्हणाल्या पुढच्या टर्मच्या टाइमटेबलमध्ये बघते, काही बदललं तर इथेच अपडेट टाकेन.