सनीवेलचा शनिवारचा फार्मर्स मार्केट: ५ पैकी ४, एक कढीपत्त्यापायी कापला

तीन वर्षं झाली दर शनिवारी सकाळी नऊला पिशव्या घेऊन सनीवेलला (कॅलिफोर्नियात) मर्फी अव्हेन्यूवर जातोय, तेव्हा म्हटलं आता लिहूनच टाकू. आधी भाव सांगतो, महाग आहे, इथल्या भारतीय किराणा दुकानात मिळतं त्याच्या दीडपट धरून चाला, घासाघीस चालत नाही पण एक वाजत आला की जुड्या स्वस्त होतात, आणि कुत्रा आणू नका, खाण्याच्या वस्तूंपासून वीस फुटांच्या आत प्राणी चालत नाही असा राज्याचा कायदाच आहे (तरी आणतात लोक, मग मॅनेजरबाई हात जोडत फिरते).

आता मुद्द्याचं. बोर्डावर 'सर्टिफाइड' लिहिलेलं असतं ते मला आधी ऑर्गॅनिकसारखं काहीतरी वाटायचं, तसं नाहीये. सर्टिफाइड म्हणजे विकणाऱ्याने माल स्वतः कॅलिफोर्नियात पिकवलाय. काउंटीच्या (म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या) शेती खात्याकडून त्याला एक सर्टिफिकेट मिळतं, त्यावर कुठलं पीक, किती जागेत, कुठल्या महिन्यात येणार, सगळं लिहिलेलं असतं आणि तो कागद स्टॉलवर लावावाच लागतो. आपला सातबारा आणि पीकपेरा एकाच कागदावर आणून तंबूच्या खांबाला अडकवला असं समजा. २०१५ पासून तर 'आम्ही विकतो ते आम्हीच पिकवतो' अशी पाटीपण लावावी लागते, आणि दर स्टॉलमागे दर बाजाराला दोन डॉलर राज्याला जातात, त्यातून तपासणी चालते.

मी तो कागद वाचतो. बायको लांब उभी राहते, तिला लाज वाटते.

पण उपयोग होतो हो. मागे दुसऱ्या एका गावच्या बाजारात (नाव नको) जानेवारीत एकाकडे लालभडक टोमॅटो, सगळे एका मापाचे, आणि कागदावर टोमॅटो जुलै ते ऑक्टोबर. विचारलं तर म्हणाला ग्रीनहाउस, मग कागदावर का नाही, तर गडी दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. तिथल्या मॅनेजरला सांगितलं, त्याने खांदे उडवले. तो बाजार मी सोडला. सनीवेलला असं अजून दिसलं नाही, इथे काकडी वाकडी, गाजराला दोन पाय, आणि हे चालतं कारण १९७७ मध्ये राज्याने थेट विकणाऱ्या शेतकऱ्याला प्रतवारी करून ठरलेल्या खोक्यातच माल भरायच्या नियमातून सूट दिली, त्याआधी असला माल बाजारात आणायची पंचाईतच होती.

मसाल्याचं एक सांगतो, आमच्या ओळखीच्या एक वहिनी घरी लोणचं करतात, फर्स्टक्लास, त्यांना वाटलं इथे विकावं. नाही जमलं. २०१३ पासून इथे घरच्या स्वयंपाकघरात करून विकायचा कायदा आहे पण लोणचं त्यात बसत नाही, सुका मसाला बसतो, तोही नोंदणी करून किंवा परमिट काढून आणि लेबलवर 'घरगुती स्वयंपाकघरात बनवलेले' असं छापून. वहिनी म्हणाल्या, म्हणजे गोडा मसाला चालतो आणि कैरीचं लोणचं चालत नाही, कोणी केला हा कायदा, त्याला जेवायला बोलवा.

आणि आता कढीपत्ता. मी वरूडकडचा, संत्र्याच्या मुलखातला, तर इथे संत्र्याच्या स्टॉलवर पहिल्यांदा काय खटकलं असेल तर एकाही फळाला पान नाही. गावाकडे पानासकट फळ म्हणजे ताजं. विचारलं तर शेतकरी म्हणाला क्वारंटाइन, पानंदेठं काढूनच माल हलवायचा, कारण पानावर एक बारीक किडा बसतो, तो झाडाला ग्रीनिंग लावतो, म्हणजे संत्र्या-लिंबाचं झाड मारणारा रोग. किडा राज्यात २००८ ला सापडला आणि रोग २०१२ ला लॉस एंजेलिसकडे. त्याने हाताने दाखवलं, किडा डोकं खाली आणि बूड वर करून कसा बसतो ते, आणि मी म्हटलं अरे हा तर आपल्या संत्र्यावरचा सायला! रात्री बाबांना फोन केला तर ते म्हणाले, "तिकडंई हाये काय सायला? मंग फवारनी कायची करतेत?" पाऊण तास तेच.

तर हाच किडा कढीपत्त्यावर आवडीने बसतो, लिंबाच्याच कुळातलं झाड ते. म्हणून त्याच्यावरही तीच बंधनं, आणि या बाजारात मला तीन वर्षांत एकदाही ताजी काडी मिळालेली नाही. फ्रेस्नोचा मित्र घरच्या झाडाचा पिशवीभर आणतो म्हणाला होता, मी नको म्हटलं. काडीबरोबर किडा यायचा, बाबांच्या संत्र्याच्या बागेकडे बघून नको म्हटलं, पण पोह्यात वाळका कढीपत्ता टाकताना दर रविवारी जीव जळतो.

मेथी मात्र घ्याच, डावीकडच्या रांगेत. दहाच्या आत जा.