सेल्फ ड्राइव्ह गाडीने आठवडाभर कोकण: भाड्याची गाडी कितपत परवडते?

ताम्हिणीने उतरून हरिहरेश्वर, केळशी, गुहागर, गणपतीपुळे आणि आंबा घाटाने पुण्याला परत: सात-आठशे किलोमीटर सहज होतात. त्यामुळे किलोमीटरची मर्यादा असलेलं स्वस्त पॅकेज शेवटी महागच पडतं.

गाडी छोटी हॅचबॅकच घ्या. केळशी-आंजर्ल्याच्या अरुंद रस्त्यांवर समोरून एसटी आली की मोठी एसयूव्ही चिऱ्याच्या गडग्याला (दगडी कुंपणाला) घासते, आणि ओरखड्याचे पैसे डिपॉझिटमधून जातात. (तिथे एसटीच राजा, हुज्जत नको.) ताब्यात घेतानाच चारही बाजू, रिम, स्टेपनी, जॅक, इंधनाचा काटा असा व्हिडिओ काढा. स्टेपनीत हवा आहे का, तेही बघा; बऱ्याचदा नसते.

घाट उतरताना दुसरा गिअर. सतत ब्रेक दाबला तर लायनिंग तापून ब्रेक धरत नाही. जळका वास आला की थांबा, पण चाकांवर पाणी ओतू नका. गरम डिस्क वाकडी होते.

बागमांडला-वेश्वी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड या फेरीबोटींनी मोठे वळसे वाचतात. रॅम्पवर सावकाश चढा, नाहीतर बंपर लागतो. शेवटच्या बोटीची वेळ सकाळीच फोन करून विचारा.